साखरेच्या कपाटाचं सील

अण्णा,

हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला आज घास गोड लागणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. घरात कुणी नाही. नवरा आणि लेक सकाळीच सायकली चालवायला पुलाउ उबीन बेटावर गेलेत. मलाही चल म्हणत होते, पण मी कपड्यांचा ढीग दाखवून सुटले. आता कपडे मशीनमध्ये फिरताहेत, खिडकीतून सेम्बावांगच्या गोदीतल्या क्रेन दिसताहेत, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, जग सोडून एक तप उलटलेल्या माणसाला ताजी बातमी देते आहे. बातमीच तशी आहे. तुमची मुलगी परवा अर्धा दिवस गुप्तहेर होती.

हसू नका, खरंच होते. मी इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात कागदपत्रं सांभाळते. कुठल्या जहाजाला किती रंग लागला, कुठला पंप उघडला, त्याचे कागद तयार करायचे. देश सोडून इथे आल्यापासून हेच करते आहे, आणि आल्यापासून मला प्रोजेक्टच्या माणसांत जायचं आहे. ती माणसं हेल्मेट घालून जहाजावर चढतात, कप्तानांशी बोलतात, मालकांशी भांडतात. मी खाली बसून त्यांचं अक्षर लावते. तर तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे एक रशियन जहाज आलं. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणारं, जुनं, एके काळी सरकारी. आता ते एका पाश्चात्त्य तेल कंपनीला भाड्याने जायचं होतं, आणि जहाज तपासायला त्या कंपनीने एक इंग्रज पाठवला होता. उंच, लालबुंद, निवृत्त नौदलवाला. इथे ब्रिटिशांचा तळ होता तेव्हा तरुणपणी तो याच किनाऱ्यावर नोकरीला होता, आणि अजूनही यार्डाच्या फाटकातून आत येताना ते आपल्याच मालकीचं असल्यासारखा चालतो.

या इंग्रजाला संशय, की हे जहाज तेल शोधता शोधता मॉस्कोसाठी आणखी काही शोधत असणार. रशियन कप्तानाला संशय, की हा माणूस तेल कंपनीचा नव्हेच, लंडनच्या कुठल्या तरी खात्याचा आहे. त्यातून लंडनमध्ये एका रशियन माणसाला चहातून विष दिल्याची बातमी अजून पेपरांत ताजी. त्यामुळे कप्तानाने पुढे केलेला चहा इंग्रज पीत नाही आणि आमच्या ऑफिसातली कॉफी कप्तान पीत नाही. मी दोन्ही पीत होते. फुकटचा चहा कोण सोडतो?

आणि सगळं घोडं अडलं होतं एका दारापाशी. जहाजाच्या खालच्या भागात एक खोली होती, नकाशावर तिचं नाव प्रयोगशाळा. दाराला कुलूप, आणि कुलपावरून दोरा ओढून तपकिरी प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे मुलांच्या खेळातल्या मऊ मातीच्या, गोळ्यात दाबलेला. गोळ्यावर पितळी शिक्क्याचा ठसा. खोली बंद, पण तिच्यात वीज मात्र भरपूर जात होती. इंग्रजाने ती मोजली होती. दार उघडा म्हटलं की कप्तानाचं एकच उत्तर, किल्ली व्लादिवोस्तोकला आहे. शेवटी इंग्रजाने सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत दार उघडलं नाही तर माझा शेरा नकाराचा जाईल. म्हणजे जहाजाचं काम जाणार, खलाशी घरी बसणार, आणि आमच्या यार्डाच्या हातचं मोठं कामही जाणार.

तेव्हा माझ्या साहेबाला माझी आठवण झाली. साहेब इथलाच, चिनी, स्वभावाने बरा, पण कायम घाईत. जहाज धक्क्याला लागलं त्या दिवशी त्याच्यासमोर मी सहज जहाजाचं नाव वाचलं होतं. रशियन अक्षरं पाहिली की माझी जीभ आपोआप वळते, त्याला मी काय करू? त्याने ते लक्षात ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"यू जस्ट सिट देअर, पोर टी, राइट मिनिट्स," तो म्हणाला. "डोन्ट टॉक रशियन, कॅन? दे टॉक टॉक, यू लिसन. आफ्टर दॅट यू टेल मी, आय टेल द आंग मोह."

आंग मोह म्हणजे गोरा. हा बेत त्या इंग्रजाला माहीत होता, किंबहुना युक्ती त्याचीच होती. आणि काम फत्ते झालं तर पुढच्या महिन्यापासून मी प्रोजेक्टमध्ये. हेल्मेट, बूट, सगळं. अण्णा, माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. मी हो म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन आरशात स्वतःकडे बघून हसले. आपण इतकी वर्षं निरुपयोगी म्हणून गुंडाळून ठेवलेली वस्तू कुणाला तरी एवढी मोलाची वाटते, याचाच आनंद जास्त होता.

निरुपयोगी म्हणते, कारण तुम्हीच तसं सांगितलं होतंत. तुम्ही कारखान्यात रशियन तज्ज्ञांचे दुभाषे होतात, मग एके दिवशी तुम्हाला स्टोअरला पाठवलं, नटबोल्टांच्या खोक्यांत. मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं रशियन कच्चं पडलं गं." मी ते धरून चालले. कच्च्या गुरूची कच्ची चेली. नोकरीच्या अर्जात भाषांच्या रकान्यात मी कधी रशियन लिहिलं नाही. खरं तर तुम्ही किती शिकवलंत मला. आई भाकरी थापते आहे, तुम्ही खाली बसून शेंगा सोलताय, आणि मी तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत एका क्रियापदाची सगळी रूपं म्हणून दाखवायची. चुकलं की भाकरी दादाला. अजूनही गतीची क्रियापदं आठवायला लागले की मला भूक लागते.

आणि तो एकच दिवस, तुम्ही मला रागावलात तो. कॉलनीच्या भाजीबाजारात दोन रशियन बायका आपल्या शेजारच्या काकूंच्या चालण्यावरून काहीबाही बोलून हसत होत्या. ही परकरातली पोरगी आपल्याला ऐकते आहे हे त्यांना काय ठाऊक? मी धावत घरी आले आणि सगळं काकूंना रंगवून सांगितलं. केवढी मिरवले मी. संध्याकाळी तुम्हाला कळलं. तुम्ही ओरडला नाहीत, चपला घालायला सांगितल्यात आणि मला घेऊन त्या रशियन बाईच्या क्वार्टरवर गेलात. तिने दार उघडलं तेव्हा मला तिच्यासमोर उभं करून एक वाक्य म्हणायला लावलंत, "या पनिमायू पा-रूस्की." मला रशियन समजतं. बाई कानापर्यंत लाल झाली. परत येताना तुम्ही म्हणालात, "कान झाकता येत नाहीत, कबूल. पण आपल्याला कान आहेत हे आधी सांगता येतं. दुभाष्याने खोलीत शिरल्या शिरल्या हेच सांगायचं असतं." तुम्ही स्वतः तसंच करायचात. रशियन माणूस दिसला की नमस्कारासारखं हे वाक्य आधी. कॉलनीतली पोरं तुमची नक्कल करायची.

गुरुवारी जहाजावर शिरताना मला हे सगळं आठवत होतं, आणि तरी मी तोंड मिटून शिरले. कप्तानाच्या खोलीत लांब टेबल, त्यावर मेणकापड. एका बाजूला कप्तान, गोलमटोल, मिशा पिकलेल्या, आणि त्याच्याजवळ दुसरा अधिकारी, ज्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. समोर आमचा इंग्रज. टोकाला मी, वही घेऊन. चहा आला, दांडी असलेल्या धातूच्या खोळीतल्या काचेच्या पेल्यांतून, सोबत बशीत चेरीचा मुरंबा. इंग्रज म्हणाला, तुमच्या जहाजाच्या खालच्या भागाची लांबी नकाशाशी जुळत नाही. कप्तान म्हणाला, तुमच्या तेल कंपनीला आमच्या लांबीशी काय करायचंय? मधला अधिकारी दोन्हीकडचं तासून गुळगुळीत करत होता, आणि त्याने गाळलेले सगळे कोपरे मला ऐकू येत होते. काय सांगू, अण्णा, काय मजा येत होती. इंग्रज माझ्याकडे चोरून बघायचा, मी पेन खाली ठेवलं की त्याला वाटायचं खूण आहे. मी चेहरा असा ठेवला होता की आईने पाहिला असता तर म्हणाली असती, या मांजरीने दूध प्यायलंय.

मग ठरल्याप्रमाणे इंग्रज फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला. आता हे मोकळेपणी बोलणार आणि मी ऐकणार.  अधिकारी म्हणाला, उघडून टाकू या दार. कप्तान म्हणाला, उघडलं तर हेड ऑफिस माझी कातडी सोलेल, नाही उघडलं तर पोरांचं काम जातं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, त्यातली गत. अधिकाऱ्याने डोळ्यांनी माझ्याकडे खूण केली, या बाईसमोर नको. कप्तानाने वळून माझ्याकडे पाहिलं.

"तिचं काय?" तो म्हणाला. "सकाळपासून बिचारी सगळ्यांचा चहा पिते आहे. विष असतं तर पहिली तीच मेली असती. या जहाजावर विश्वास ठेवणारी ती एकटीच आहे. तिला आणखी मुरंबा दे."

अधिकाऱ्याने मुरंब्याची बशी माझ्यापुढे सरकवली. मी ती पाहिली. प्रोजेक्ट, हेल्मेट, साहेबाचा चेहरा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. त्यांचं नेमकं गुपित आता पुढच्या वाक्यात येणार होतं, ते घेऊन मी खाली उतरले असते की माझं काम झालंच होतं. मी वही मिटली आणि म्हणाले, "या पनिमायू पा-रूस्की."

 अधिकाऱ्याच्या हातातला चमचा बशीवर पडला. कप्तानाच्या मिशा थरथरल्या. त्याने हळू विचारलं, सकाळपासून? मी म्हणाले, सकाळपासून. मग मात्र तो उठला. एवढा तांबडा झाला की आता हा मला उचलून समुद्रात टाकतो असं वाटलं. तर तूच ती, तो म्हणाला, आम्ही त्या लाल्याला हेर समजत होतो आणि हेर इथे मुरंबा खात बसली होती. तुला काय ऐकायला पाठवलंय? मी म्हणाले, त्या दारामागे काय आहे ते. पण तुमच्या सीलला मी घाबरत नाही, आमच्याकडे साखरेच्या कपाटालाही असंच सील असायचं.

खरंच होतं ना अण्णा? सुट्टीत तुम्ही मला एकदा ऑफिसात नेलं होतंत. संध्याकाळ झाली तसे रशियन उठले आणि सील लावत सुटले. नकाशांच्या खोलीला सील, टाइपरायटरच्या कपाटाला सील, आणि चहाची साखर ठेवायच्या कपाटालाही सील. साखरेत काय गुपित असतं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, गुपित काही नसतं, तिकडे शेवटी निघणारा सील लावतो, म्हणजे सकाळी कुणी कुणावर डोळे वटारायला नकोत. निघताना एकाने मला प्लॅस्टिसिनचा गोळा दिला आणि मी महिनाभर तुमच्या कोटाच्या बटणाने आईच्या लोणच्याच्या बरण्या सील करत होते. आई रोज ते उकरून काढायची आणि तुमच्या नावाने बोटं मोडायची. इंग्रजाला सील दिसलं आणि त्याने आत रेडिओ, यंत्रं, मॉस्को सगळं पाहिलं. मला सील दिसलं होतं तेव्हा मला साखर आठवली होती, आणि हे मी कुणालाच बोलले नव्हते, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

कप्तानाचा विश्वास बसला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकूनच पिणार. त्याने डोळे बारीक करून विचारलं, ठसा मारण्याआधी शिक्क्याला काय करतात? मी टेबलावरची काड्यापेटी उचलली, तिच्यावर हलकेच थुंकल्यासारखं केलं आणि मेणकापडावर दाबली. ओलं केलं नाही तर प्लॅस्टिसिन शिक्क्याला चिकटतं. हे मी तुमच्या ऑफिसात पाहिलं होतं आणि घरी बटणावर थुंकल्याबद्दल आईचा मारही खाल्ला होता.

कप्तान माझ्याकडे बघत राहिला आणि मग जो हसत सुटला तो खुर्चीत बसेपर्यंत. "हे कुठल्याही हेराला शिकवत नाहीत," तो अधिकाऱ्याला म्हणाला. मग मला विचारलं, कुणी शिकवलं तुला रशियन? मी म्हणाले, वडिलांनी. ते नावाजलेले दुभाषे होते, दोन्हीकडच्या माणसांचा त्यांच्यावर विश्वास होता. तो गंभीर झाला, मान हलवली, आणि खिशातून किल्ली काढली. व्लादिवोस्तोकची किल्ली त्याच्या खिशात होती.

इंग्रज परत आला तेव्हा मीच त्याला इंग्रजीत सांगितलं, की मला रशियन येतं हे मी यांना सांगून टाकलंय. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तो काही बोलणार तेवढ्यात कप्तान म्हणाला, चला, दार बघायचंय ना? आम्ही सगळे लोखंडी जिन्याने खाली गेलो. कप्तानाने अंगठ्याने सील तोडलं, दार उघडलं आणि आतून गरम, ओल्या लाकडाचा वास आला. अण्णा, आत वाफेची न्हाणी होती. लाकडी बाक, दगडांनी भरलेली विजेची शेगडी, भिंतीला वाळलेल्या पानांच्या जुड्या टांगलेल्या, आणि दोरीवर कुणीतरी सुकत घातलेले मासे. सरकारी पैसा आटला तेव्हा प्रयोगशाळेतली यंत्रं मालकांनीच विकून टाकली होती. खलाशांनी रिकाम्या खोलीची न्हाणी केली, हेड ऑफिसला न विचारता. सील होतं ते हेड ऑफिसचा माणूस अचानक आला तर दार बंद दिसावं म्हणून, आणि आचाऱ्याने आणखी मासे टांगू नयेत म्हणून. इंग्रज मासे चुकवत आत शिरला. मग वाकला, शेगडीची वायर दोन बोटांत धरली आणि म्हणाला, ही वायरिंग जीवघेणी आहे. आणि ते खरं होतं. त्याने ते लिहून घेतलं, जहाजाला होकार दिला आणि वायरिंग बदलायचं काम आमच्याच यार्डाला मिळालं. माझ्याशी मात्र तो त्यानंतर एक शब्द बोललेला नाही.

साहेबाने मला काल, शुक्रवारी सकाळीच बोलावलं. "द आंग मोह से हि डोन्ट वॉन्ट यू. द कॅप्टन से हि ओन्ली वॉन्ट यू," तो कपाळाला हात लावून म्हणाला. "हाउ लाह?" मी म्हणाले, जहाज कप्तानाचं आहे. तो हसला नाही, पण या जहाजापुरतं हेल्मेट दिलंय. ते एक माप मोठं आहे, सारखं डोळ्यांवर येतं. पुढचं पुढे बघू म्हणाला. मी काल दिवसभर ते घालून जहाजावर हिंडले, वायरमन तमिळ, फोरमन चिनी, खलाशी रशियन, आणि मधोमध मी. प्रत्येक खोलीत शिरताना आधी तेच वाक्य म्हणत होते. आता जहाजावरचे खलाशी माझी नक्कल करतात.

काल संध्याकाळी आईला फोन केला. ती हल्ली पुण्याला दादाकडेच असते. सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, अण्णांचं कच्चं रशियन शेवटी कामाला आलं.

आईने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "कच्चं? यांचं? कुणी सांगितलं तुला?"

"तेच म्हणायचे."

"ते काहीही म्हणायचे. अगं, रशियन लोक जेवताना आपापसांत काय बोलतात ते दर शनिवारी लिहून द्या, असं यांना वरून सांगितलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. यांनी वर्षभर लिहून दिलं. काय, तर आज म्हणाले भाजीला मीठ कमी आहे. आज म्हणाले उकाडा फार आहे. आज म्हणाले डास चावतात. शेवटी कंटाळून वरच्यांनी यांना स्टोअरला टाकलं."

तिला हसू आवरत नव्हतं, आणि मग ती रडायला लागली. म्हणाली, मला यांनी शपथ घातली होती, पोरीला सांगू नकोस, तिला वाटेल भाषा शिकणं म्हणजे काही तरी भानगड. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं. लेक म्हणाली, "सो आजोबा गॉट सॅक्ड फॉर सॉल्ट?" आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात हसून हसून खाली बसलो. अजूनही आठवलं की हसू येतंय, आणि इतका अभिमान वाटतोय की खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवर जाऊन अनोळखी माणसांना सांगावंसं वाटतं.

मशीन थांबलंय. कपडे वाळत घालायला हवेत, ती दोघं बोटीतून उतरली असतील. हा कागद कुठे पाठवायचा हे मला ठाऊक नाही. लेकीला मराठी वाचता येत नाही आणि आईला दिसत नाही, तेव्हा तो इथेच खणात राहील. जाता जाता एकच सांगायचं राहिलंय. कप्तानाला मी म्हणाले ना, माझे वडील नावाजलेले दुभाषे होते, दोन्हीकडच्या माणसांचा त्यांच्यावर विश्वास होता, तेव्हा आईला फोन व्हायचा होता. अण्णा, ते बोलताना मला वाटत होतं, मी तुमच्यासाठी थाप मारते आहे.